सत्त्याण्णव मतदार आणि अकरा आमदारक्या

सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. हा आकडा इतक्यांदा छापून आलाय की आता तो वाचताना डोळे पुढे सरकतात. तो नीट उलगडून पाहिला की मात्र गरगरायला होतं.

महाराष्ट्र राज्य झालं 1960 साली. नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक 1962 ची, आणि गणपतराव पहिल्यांदा निवडून आले तेही त्याच निवडणुकीत. तिथून 2014 पर्यंत राज्यात बारा सार्वत्रिक निवडणुका झाल्या, म्हणजे बारा विधानसभा बसल्या. त्यांपैकी अकरा विधानसभांत हा माणूस होता. 1972 ला ते हरले, पण 1974 च्या पोटनिवडणुकीत निवडून येऊन त्याच सभागृहात परतले. आपल्या अख्ख्या मुदतीत ज्या सभागृहानं त्यांना पाहिलं नाही असं सभागृह एकच, 1995 चं.

ते सभागृह हुकलं ते 192 मतांनी. शहाजीबापू पाटील तेव्हा काँग्रेसकडून उभे होते. (हेच शहाजीबापू 2022 मध्ये गुवाहाटीहून झाडी, डोंगार आणि हाटील यांचं वर्णन करून घराघरांत पोचले.) 192 मतांची आघाडी उलटवायला 192 माणसं लागत नाहीत. सत्त्याण्णव जणांनी शिक्का इकडचा तिकडे मारला असता तरी भागत होतं. सांगोला तालुक्यात गावं शंभराच्या आसपास आहेत, म्हणजे गावामागे एकाचंही मन वळवायची गरज नव्हती. तेवढं झालं असतं तर 1962 पासून 2014 पर्यंतच्या बाराच्या बारा विधानसभांत एकाच मतदारसंघातून एकच आमदार बसला असता. राज्याच्या इतिहासातला हा केवढा मोठा योग, आणि तो चुकला एका लग्नाच्या पंगतीत मावतील एवढ्या माणसांमुळे!

‘देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेला आमदार’ असं त्यांच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. तामिळनाडूचे करुणानिधी तेरा वेळा निवडून आले आणि एकदाही हरले नाहीत. केरळचे के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा, आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा. पण करुणानिधी आणि चंडी मुख्यमंत्री होते, माणींनी केरळचे तेरा अर्थसंकल्प मांडले. सत्ता हाताशी असली की मतदारसंघात रस्ते येतात, पाणी येतं, माणसं चिकटून राहतात. गणपतरावांच्या हाती यातलं किती होतं?

दोनदा ते मंत्री झाले: 1978 च्या पुलोद सरकारात आणि 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. पुलोद सरकार एकोणीस महिने चाललं, विलासरावांची पहिली कारकीर्द सव्वातीन वर्षं. दोन्ही सरकारांचं अख्खं आयुष्य गणपतरावांच्या खात्यावर मांडलं, तरी बेरीज पाच वर्षांच्या आतच राहते. आणि आमदारकीची वर्षं? 54, 55 असे आकडे ऐकू येतात. हिशेब करायला बसलं तर 1962 ते 2019 ही सत्तावन्न वर्षं, त्यांतून पराभवाच्या दोन मुदती मिळून साधारण साडेसहा वजा, म्हणजे पन्नास-एक्कावन्न उरतात. यांतली पंचेचाळीसहून अधिक वर्षं लाल दिव्याशिवायची.

पक्षाचं गणित तर आणखी अवघड. 1962 च्या 264 जणांच्या सभागृहात काँग्रेसचे 215 होते आणि त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचे 15. तरी विरोधकांत शेकापच सर्वांत मोठा. 1967 ला 19 झाले, आणि तो कळस ठरला. 1990 ला 8, 1999 ला 5, 2004 ला 2. सभागृह 288 चं झालं आणि पक्ष बाकावर मावेनासा होण्याऐवजी एका बाकावर मावू लागला. 2014 ला तिघे निवडून आले, त्यांतले एक गणपतराव, वय अठ्ठ्याऐंशी, मताधिक्य सुमारे पंचवीस हजार. लाल बावटा त्यांनी सोडला नाही. आजच्या हवेत, जिथे एकाच मुदतीत आमदार दोन चिन्हांचं स्पष्टीकरण देऊन मोकळा होतो, मला अकरापेक्षा हीच गोष्ट जास्त अचाट वाटते.

ते सभागृहात असताना मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर किती जण बसून गेले ते मोजलं. यशवंतराव चव्हाणांपासून देवेंद्र फडणवीसांपर्यंत, थोड्या दिवसांचे हंगामी पी. के. सावंत धरून, सोळा. निसटले फक्त मनोहर जोशी आणि नारायण राणे, कारण युतीची ती साडेचार वर्षं म्हणजे नेमकी 192 मतांनी गमावलेली. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ते आमदार होते आणि शंकररावांचे चिरंजीव अशोकराव मुख्यमंत्री असतानाही. फडणवीसांचा जन्म 1970 चा. तोवर गणपतरावांची दुसरी आमदारकी चालू होती.

एसटीनं प्रवास करणारा आमदार म्हणून ते प्रसिद्ध. त्याचाही अंदाज बांधू. वर्षाला तीन अधिवेशनं, दोन मुंबईला, एक नागपूरला. प्रत्येक अधिवेशनाला एकच फेरी धरली तरी जाऊन-येऊन वर्षाचे अडीच हजार किलोमीटर सहज होतात. पन्नास वर्षांचे सव्वा लाख. पृथ्वीचा घेर चाळीस हजार, म्हणजे तीन प्रदक्षिणा होऊन वर थोडं शिल्लक. आणि अधिवेशनाला एकच फेरी करणारा आमदार कुणी पाहिलाय?

2019 ला त्यांनी उभं राहायचं नाकारलं. नातू अनिकेत उभा राहिला आणि 768 मतांनी हरला. समोर पुन्हा शहाजीबापूच. गणपतराव 30 जुलै 2021 रोजी गेले, वयाच्या 94 व्या वर्षी. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब शेकापकडूनच उभे राहिले आणि शहाजीबापूंना पंचवीस हजारांहून जास्त मतांनी पाडून आमदार झाले. आता बाबासाहेबांना आजोबांची बरोबरी करायची असेल, तर यापुढची प्रत्येक निवडणूक वेळेवर व्हायला हवी, प्रत्येक जिंकायला हवी, मध्ये एकही 192 येता कामा नये. तसं झालं तर अकरावा गुलाल 2074 साली उधळला जाईल.