विश्लेषण : ‘फार्महाऊस’ बिअर म्हणजे नेमके काय? बेल्जियम आणि अमेरिकेची पद्धत वेगळी कशी? हिरकणीवाडीच्या नाचणीला त्यात जागा आहे का?

मोठ्या शहरांतल्या मायक्रोब्रुअरींच्या मेन्यूकार्डावर ‘सेझाँ’ किंवा ‘फार्महाऊस एल’ असे नाव आता अधूनमधून दिसते. नावात शेत आहे. ग्लासातले धान्य मात्र बहुतेक वेळा शेकडो किलोमीटरवरून आलेले बार्लीचे माल्ट असते. बार्ली राजस्थान, उत्तर प्रदेशात पिकते, हॉप्स परदेशातून येतात. मग शेत कोणाचे? हाच प्रश्न बेल्जियम आणि अमेरिकेत विचारला गेला आणि त्याची दोन वेगळी उत्तरे मिळाली. रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीसारख्या गावांत, जिथे उतारावर नाचणी होते, तिथून पाहिले तर ही दोन्ही उत्तरे कामाची आहेत.

‘सेझाँ’ आली कुठून?

सेझाँ हा फ्रेंच शब्द, अर्थ हंगाम. बेल्जियमच्या फ्रेंच भाषक वॉलोनिया भागात, विशेषतः एनो प्रांतात, शेतावरच बिअर बनवण्याची पद्धत होती. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावत, हवाही थंड असे, त्यामुळे बिअर नासण्याची भीती कमी. तेव्हा बनवलेली बिअर उन्हाळ्यात सुगीला येणाऱ्या मजुरांना दिली जाई. ती हलकी आणि कोरडी असे, दिवसभर राबणाऱ्याची तहान भागावी एवढाच हेतू. बार्लीसोबत गहू, ओट, स्पेल्ट असे जे शेतात असेल ते त्यात जाई.

ही गोष्ट प्रत्येक बाटलीच्या मागे छापलेली असते. पण ती जरा जास्तच नीटनेटकी आहे. बिअरच्या इतिहासाचे अनेक अभ्यासक सांगतात की मजुरांच्या बिअरबद्दलचे जुने लेखी पुरावे तुटपुंजे आहेत आणि सेझाँ नावाची बिअर शहरांतल्या कारखान्यांतही बनत असे. आज जी चव ‘अस्सल सेझाँ’ मानली जाते, ती प्रामुख्याने एका ब्रुअरीची आहे. तुर्प या गावातली ब्रासरी द्युपाँ. हे शेत-ब्रुअरीचे ठिकाण १८४४ पासूनचे, आणि द्युपाँ कुटुंबाकडे ते १९२० मध्ये आले. त्यांच्या ‘सेझाँ द्युपाँ’मध्ये ६.५ टक्के अल्कोहोल आहे. एवढ्या तीव्रतेची बिअर पिऊन भर उन्हात कापणी करणे कठीणच. म्हणजे मूळ मजुरांची बिअर आणि आजची सेझाँ यांत बरेच अंतर पडले आहे.

गरमीत खूश राहणारे यीस्ट

तांत्रिकदृष्ट्या सेझाँची खरी ओळख तिच्या यीस्टमध्ये आहे. धान्य मोड आणून, वाळवून, भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यातल्या स्टार्चची साखर होते. यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. लागर बिअरच्या यीस्टला साधारण १० अंशांच्या आसपासची थंडी लागते, नेहमीच्या एलच्या यीस्टला २० अंशांच्या आसपास. द्युपाँचे यीस्ट मात्र ३० अंशांच्या पुढे चालते. त्या तापमानात इतर यीस्टने बिअरची चव बिघडवली असती. हे यीस्ट मिरी, लवंग, संत्र्याच्या सालीसारखा वास देते.

रायगड जिल्ह्यासाठी ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही. शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या भिरा येथे मार्च २०१७ मध्ये पारा ४६ अंशांपुढे गेला होता. अशा हवेत बिअर बनवायची तर विजेचा मोठा खर्च थंडाव्यावरच होतो. उष्णता मानवणारे यीस्ट तो खर्च पूर्ण मिटवणार नाही, पण टाकी १० अंशांवर ठेवणे आणि ३० अंशांवर ठेवणे यातला फरक वीजबिलात दिसतोच.

या यीस्टचा एक धोकाही आहे. सेझाँचे बरेच यीस्ट ‘डायस्टॅटिकस’ प्रकारात मोडतात. इतर यीस्टला न पचणारी लांब साखळीची साखरही ते स्वतःच्या एन्झाइमने तोडून खातात. म्हणूनच सेझाँ इतकी कोरडी लागते. पण काम अर्धवट असताना बाटली बंद केली, तर आत वायू साठत राहतो आणि बाटली फुटू शकते. द्युपाँमध्ये बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण करतात, पण जाड काचेच्या बाटल्यांत आणि काही आठवडे उबदार खोलीत ठेवून.

अमेरिकेने काय बदलले?

सेझाँ द्युपाँ अमेरिकेत पोहोचली ती १९८०च्या दशकाच्या अखेरीनंतर, आयातदार आणि बिअरवर लिहिणाऱ्यांच्या कौतुकामुळे. बेल्जियममध्येच तेव्हा तिला फारसे कोणी विचारत नव्हते. पुढे १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊनजवळ ओमेगांग ही बेल्जियन धाटणीची ब्रुअरी सुरू झाली. तिची ‘हेनेपिन’ ७.७ टक्क्यांची. कॅन्सस सिटीच्या बुलेवार्डची ‘टँक सेव्हन’ ८.५ टक्क्यांची. ब्रुकलिन ब्रुअरीने जपानमध्ये विकसित झालेल्या, लिंबासारखा वास असलेल्या ‘सोराची एस’ हॉप्सवर अख्खी सेझाँ बेतली.

थोडक्यात, अमेरिकेने अल्कोहोल वाढवले आणि हॉप्स ठळक केले. शिवाय त्यांनी ‘सेझाँ’ आणि ‘फार्महाऊस’ यांचा अर्थ सैल केला. बेल्जियन सेझाँ सहसा आंबट नसते. अमेरिकेत मात्र ‘फार्महाऊस’ म्हटले की ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट, लाकडी पिंप, फळे आणि आंबटपणा हे सगळे गृहीत धरले जाते. काही जणांनी हे गांभीर्यानेही केले. टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळची जेस्टर किंग आसपासच्या हवेतले, झाडापानांवरचे यीस्ट पकडून बिअर बनवते. व्हरमॉंटमधली हिल फार्मस्टेड मालकाच्या वाडवडिलांच्या शेतावरच आहे. पण शहरातल्या औद्योगिक वसाहतीत बसून बाटलीवर कोठाराचे चित्र छापणारेही खूप.

त्यांना अडवणारे कोणी नाही. ‘शॅम्पेन’ हे नाव फ्रान्सच्या त्या प्रदेशाबाहेरच्या वाइनला लावता येत नाही, आणि गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सेझाँला असे कुठलेही कवच नाही. अमेरिकेतल्या बिअर परीक्षकांच्या नियमावलीत तर ३.५ टक्क्यांपासून ९.५ टक्क्यांपर्यंत सगळे सेझाँमध्ये बसते. नाव कोणाचेच नसले की ते सगळ्यांचे होते, आणि शेतकऱ्याला त्यातून काही मिळेल याची हमी राहत नाही.

न्यूयॉर्कचा २० टक्क्यांचा नियम

या सगळ्या चर्चेत महाराष्ट्राने उचलावी अशी गोष्ट चवीची नसून कायद्याची आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१२ मध्ये ‘फार्म ब्रुअरी’ परवान्याचा कायदा केला, तो जानेवारी २०१३ पासून लागू झाला. परवाना स्वस्त, विक्रीच्या सवलती जास्त. अट एकच : सुरुवातीला किमान २० टक्के हॉप्स आणि २० टक्के इतर घटक राज्यातल्या शेतात पिकलेले हवेत. २०१९ पासून ही अट ६० टक्क्यांवर गेली. राज्यात तेव्हा बार्ली फारशी नव्हती आणि माल्ट करणारेही नव्हते. मागणीची खात्री झाल्यावर छोटी माल्टघरे उभी राहिली. शब्द सैल होता, कायद्याने त्याला आकडा जोडला.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वाइनला करसवलती दिल्या आणि नाशिकचा उद्योग वाढला. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडे व मोहाच्या फुलांपासूनच्या मद्याबाबतही निर्णय घेतला. नाचणीसारख्या धान्यापासूनच्या बिअरचा विषय त्यात नव्हता. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली तेव्हापासून राज्यात मायक्रोब्रुअरी रुळल्या आहेत, पण त्यांच्या टाकीत स्थानिक धान्य किती, हा प्रश्न परवान्याच्या कागदावर येत नाही.

नाचणीची बिअर होते का?

होते, आणि ती नवीही नाही. सिक्कीम, पूर्व नेपाळमधली लिंबू समाजाची ‘तोंगबा’ नाचणीचीच. आंबवलेल्या दाण्यांवर गरम पाणी ओतून बांबूच्या नळीने ती ओढतात. युगांडातली ‘आजोन’ही नाचणीची, एका मडक्याभोवती बसून लांब नळ्यांनी प्यायची. शेतावरची बिअर म्हणायची तर या दोन्ही अधिक अस्सल.

कोकणात भात खाचरात आणि नाचणी, वरी वरकस उतारावर, ही जुनी वाटणी. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ पट्ट्यात हेच चित्र. बार्ली इथल्या पावसात टिकणार नाही. भरड धान्यांत माल्ट करायला नाचणी सर्वांत सोयीची मानली जाते, कारण मोड आल्यावर तिच्यात स्टार्च तोडणारे एन्झाइम चांगले तयार होतात. घरोघरी बाळासाठी होणारे नाचणीचे सत्त्व याच गुणावर चालते.

अडचणी दोन. बार्लीच्या दाण्याला टरफल असते आणि रस गाळताना तेच गाळणीचे काम करते. नाचणीचा दाणा बारीक, उघडा. टाकीत त्याचा चिखल होतो. शिवाय तिचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला उकलतो, म्हणजे नाचणी वेगळी शिजवून घ्यावी लागते. त्यामुळे बार्लीसोबत २०-३० टक्के नाचणी हा व्यवहार्य मार्ग.

आता हिशेब. नाचणीचा २०२५-२६ च्या खरीप हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४८८६ रुपये होता, तर २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामात बार्लीचा १९८० रुपये होता. म्हणजे धान्य म्हणून नाचणी जवळपास अडीचपट महाग. १००० लिटर बिअरला ढोबळमानाने २०० किलो धान्य लागते. २० टक्के नाचणी म्हणजे ४० किलो, हमीभावाने सुमारे १९५४ रुपये. या टाकीतून अर्ध्या लिटरचे २००० ग्लास निघतात. ग्लासामागे नाचणीचा वाटा साधारण एक रुपया. काही शे रुपयांना विकल्या जाणाऱ्या ग्लासात शेतकऱ्याला एक रुपया, आणि तोही हमीभाव प्रत्यक्ष मिळाला तर. न्यूयॉर्कप्रमाणे ६० टक्के केले तरी तीन रुपये.

हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. ब्रुअरीने हमीभावाच्या दुप्पट दर दिला तरी ग्लासामागे तिचा खर्च एका रुपयाने वाढेल. एकरी चार क्विंटल उत्पन्न धरले, तर एका एकरातली नाचणी अशा दहा टाक्यांना पुरते. वरकस जमीन पडीक टाकून मुंबईची वाट धरणाऱ्या गावात दुप्पट दर ही लहान गोष्ट नाही.

आक्षेप कोणते?

भाकरीचे धान्य दारूत जाणार, हा आक्षेप टाकीमागे ४० किलोंच्या हिशेबात फार टिकत नाही. दारूमुळे घरे उद्ध्वस्त होतात, हा आक्षेप मात्र जड आहे. ‘बाटली आडवी’ करण्यासाठी मतदान केलेल्या बायकांना ‘ग्रामीण बिअर पर्यटन’ समजावून सांगायला कोणी जाऊ नये. कायदाही कडक आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी किंवा शेतावर बिअर बनवणे गुन्हा ठरतो. त्यामुळे बेल्जियमसारखी शेतावरची ब्रुअरी हिरकणीवाडीत सध्या तरी शक्य दिसत नाही. शक्य आहे ते धान्य, आणि फार तर माल्ट, पुरवणे. मोड आणून वाळवण्याला मद्याचा परवाना लागत नाही. बचत गट सत्त्वासाठी ते आजही करतात.

आणि आंबील?

अमेरिकन ब्रुअर ज्याला ‘केटल सावर’ म्हणतात, त्यात दह्यातल्यासारख्या जिवाणूंनी आधी रस आंबवतात, मग उकळून ते जिवाणू मारतात. नाचणीचे पीठ ताकात रात्रभर भिजवून सकाळी शिजवले की आंबील होते, कृती जवळपास तीच. फक्त पुढे यीस्ट घालत नाहीत, त्यामुळे नशा नाही. गडावर दूध विकणाऱ्या गवळणीच्या नावाच्या वाडीत ताक आणि नाचणी दोन्ही शोधायला लांब जावे लागत नाही.

रायगडाच्या रोपवेचे खालचे स्थानक हिरकणीवाडीतच आहे. १९९६ पासून पर्यटकांचा ओघ गावाच्या दारातून जातो. तिथे उन्हाळ्यात आंबील विकायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागणार नाही. लहान अन्न व्यावसायिकाला अन्नसुरक्षा नोंदणी पुरते. आंबील मात्र ताजीच विकावी लागेल. गार न ठेवता बाटलीत भरली, तर ती पुन्हा आंबू लागते आणि सेझाँसारखेच झाकण उडू शकते.