ध्वनिमुद्रणाची अनुक्रमणिका

पुस्तक हाती घेतलं की आपण आधी काय पाहतो? अनुक्रमणिका. कोणता धडा कोणत्या पानावर आहे ते कळलं, की पान उघडायला वेळ लागत नाही. त्यासाठी कुणी पुस्तकाचे धडे फाडून वेगवेगळे ठेवीत नाही. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच करतो. दीड तासाचं भजन मुद्रित करतो आणि एकेक अभंग सुटा मिळावा म्हणून त्याचे तुकडे पाडतो. मुद्रण अखंड ठेवूनही हवे ते गाणे चटकन सापडावे, अशी एक सोपी युक्ती आहे. तिला ‘क्यू शीट’ म्हणतात. आपण तिला ध्वनिमुद्रणाची अनुक्रमणिका म्हणू.

हा विषय निवडण्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका खेड्यात एका वृद्ध बाईंनी जात्यावर बसून ओव्या म्हटल्या, त्या मी मुद्रित केल्या. दोन ओव्यांच्या मधे बाई सहज बोलत. ही सासूबाईंची, ही माहेराहून आणलेली, असं काहीबाही. घरी आल्यावर मी ओव्या कापून वेगळ्या केल्या, मधलं बोलणं अडगळ म्हणून टाकून दिलं आणि मूळ मुद्रणही पुसलं. पुढे एका शिक्षकाने विचारले, “ही ओवी बाईंनी कुणाकडून घेतली?” उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि तोवर बाईही राहिल्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या गाणाऱ्या बायांची आणि गावांची नावे नोंदवून. ओवीइतकेच तिच्याभोवतीचे बोलणे मोलाचे असते, हे मला फार उशिरा कळले.

आता ही अनुक्रमणिका आली कुठून ते पाहू. जुन्या काळ्या तबकडीवर दोन गाण्यांमधली मोकळी पट्टी डोळ्यांना दिसे आणि सुई तिथे अलगद ठेवता येई. १९८२ साली सीडी बाजारात आली. तिच्यावर ध्वनी एकाच अखंड चक्राकार रेघेत साठविलेला असतो, आणि डोळ्यांना काही उमगत नाही. म्हणून कोणते गाणे कुठे सुरू होते याची यादी सीडीच्या आतल्या कडेलाच लिहिलेली असते. अशी जास्तीत जास्त ९९ गाणी तिच्यावर मांडता येतात. पुढे घरच्या संगणकावर कोरी सीडी भरण्याची सोय झाली, तेव्हा ‘सीडीआरविन’ नावाच्या प्रोग्रॅमसाठी ही यादी साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिण्याची रीत पडली. सीडी मागे पडली, पण रीत टिकली. कारण ती साधी आहे.

ही फाइल तयार करायला नोटपॅडसारखी कोरी पाटी पुरते. प्रत्यक्ष फाइलीत आज्ञाशब्द रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत लिहितात आणि आकडेही इंग्रजी वळणाचे घालतात. येथे समजण्यासाठी ते देवनागरीत देतो.

टायटल "जात्यावरच्या ओव्या"
फाइल "ओव्या.वाव" वेव्ह
ट्रॅक ०१ ऑडिओ
टायटल "माहेरची ओवी"
इंडेक्स ०१ ००:००:००
ट्रॅक ०२ ऑडिओ
टायटल "भावाची ओवी"
इंडेक्स ०० ०३:०५:००
इंडेक्स ०१ ०३:१२:३०

पहिल्या ओळीत सबंध संचाचे नाव आहे, दुसरीत मुद्रणाच्या फाइलीचे. पुढे एकेका गाण्याचा क्रमांक, नाव आणि आरंभाची वेळ. गाणे कुठे संपते ते लिहावे लागत नाही; पुढचे सुरू झाले की मागचे संपलेच. गायिकेचे नाव ‘परफॉर्मर’ या शब्दापुढे लिहावे. गाव, तारीख, प्रसंग यांसाठी ‘रेम’ या शब्दाने सुरू होणारी ओळ असते. ती टिपणासाठी असते. वाजविण्याच्या कामात तिची लुडबूड होत नाही.

आता वेळेचे तीन आकडे बघा. पहिला मिनिटांचा, दुसरा सेकंदांचा. तिसरा मात्र शंभरावा भाग नव्हे बरं का! तो सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग आहे. सीडीवर एका सेकंदात आवाजाचे ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक सेकंदाचे ७५ सारखे भाग पाडलेले असतात. म्हणजे एका भागात ५८८ नमुने आले. म्हणून संगणकाने ३ मिनिटे १२.४ सेकंद दाखविले, तर ०.४ ला ७५ ने गुणावे. उत्तर ३०. हा आकडा ७४ च्या पुढे कधीच जात नाही. तसेच येथे तासांचे घर नाही. एक तास पाच मिनिटे झाली की ६५ मिनिटे लिहायची.

आणि ‘इंडेक्स ००’ कशासाठी? माझी चूक टाळण्यासाठीच जणू! दोन गाण्यांमधला भाग कुठे सुरू होतो ते ‘००’ सांगते, प्रत्यक्ष गाणे कुठे सुरू होते ते ‘०१’ सांगते. वरच्या उदाहरणात मधली सात-साडेसात सेकंदे बाई बोलत आहेत. मुद्रण सलग ऐकले तर ते बोलणे ऐकू येते. थेट दुसऱ्या गाण्यावर उडी मारली तर ओवीच सुरू होते. दोघांचेही समाधान, आणि हरवत काहीच नाही.

काही खाचखळगे सांगून ठेवतो. मुद्रण आणि ही फाइल एकाच फोल्डरमध्ये असावी, आणि आत लिहिलेले मुद्रणाचे नाव अक्षरश: जुळावे, ते नाव रोमन लिपीत ठेवलेले बरे. अवतरणचिन्हे सरळ हवीत, वळणदार नकोत. मराठी नावांसाठी फाइल ‘यूटीएफ-८’ पद्धतीने जतन करावी. फाइलीच्या नावाचे शेपूट ‘क्यू’चे, म्हणजे सी-यू-ई या तीन अक्षरांचे, असावे, नोटपॅड पुष्कळदा त्यामागे आपले ‘टीएक्सटी’ चिकटवतो. फूबार२००० सारखे प्रोग्रॅम ही फाइल उघडतात; मोबाइलमधील सगळेच उघडतात असे नाही. पण न उघडली तरी मूळ मुद्रण जागच्या जागी असते, आणि यादी कुणालाही नुसत्या डोळ्यांनी वाचता येते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे काम मुलांकडून करून घेण्याजोगे आहे. एकाने ऐकावे, दुसऱ्याने वेळ टिपावी, तिसऱ्याने ७५ चा गुणाकार करावा. गावातल्या आजीला विचारून ‘रेम’ची ओळ भरावी. यादीत वेळ चुकली तर आकडा खोडून नवा घालता येतो. कापून टाकलेला शब्द मात्र परत आणता येत नाही. तेव्हा कात्री बाजूला ठेवा आणि आधी अनुक्रमणिका लिहा.