फिरू द्या लेकरांना!

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. नायगावच्या विहारात वंदना आटोपली, चहा फिरला आणि मंडळी नेहमीप्रमाणे पायरीवर रेंगाळली. गिरणीतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ बांधव मोबाईलवरचा फोटो सगळ्यांना दाखवू लागले. आपल्याच चाळीतील मुलगी. अंगात जाड कोट, पाठीला सॅक आणि मागे पॅरिसचा आयफेल टॉवर. फोटो चार हातांतून फिरला आणि मग ते म्हणाले, "शिकायला पाठवली होती ना हिला? आम्ही काय टॉवर बघायला पैसे दिले?" दोघेचौघे हसले. मुलीची आई तिथेच बसली होती. तिने पदर सारखा केला, चहाचे कप गोळा केले आणि आत निघून गेली.

मी काहीच बोललो नाही. रोज कोर्टात दुसऱ्यांसाठी घसा कोरडा करणारा माणूस त्या दिवशी गप्प बसला. म्हणून हा लेख.

वाचकहो, आधी पैशाचे प्रकरण समजून घ्या, कारण तक्रारीच्या मुळाशी पैसाच आहे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गसारख्या राज्याचा अपवाद सोडला तर परदेशी विद्यार्थ्यालाही ती माफ आहे. पण व्हिसा मिळण्याआधी एका वर्षाच्या पोटापाण्याची रक्कम तिकडच्या खात्यात अडकवून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो आहे, म्हणजे आपले बारा लाखांच्या घरात. त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, एक पैसा जास्त नाही.

बारा लाख चाळीतल्या माणसाने आणायचे कुठून? शैक्षणिक कर्ज आहे की, असे लोक सहज सांगतात. पण साडेसात लाखांच्या वर बँक साधारणपणे तारण मागते. बी.डी.डी. चाळीतली १६० चौरस फुटांची खोली भाड्याची, मालक सरकार. ती गहाण कशी टाकणार? ज्यांच्या आजोबांनी दादरला ब्लॉक घेऊन ठेवला त्यांच्या नातवाला कर्ज मिळते आणि त्याला गुणवत्ता म्हणतात. ज्यांच्या आजोबांनी त्याच दादर-परळच्या गिरण्यांत जन्म घालवला त्यांच्या नातीने जामीनदार शोधत फिरायचे. शिष्यवृत्त्या आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्राच्या योजनेत १२५ जागा, त्यातल्या अनुसूचित जातींसाठी ११५, अख्ख्या देशाला. आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळून टाकले. मे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला होता. तो विषय घेऊन कोणी या योजनेत अर्ज केला असता तर नियमात बसला नसता! यावर स्वतंत्र लिहावे लागेल. असो.

तर या मुलीच्या वडिलांची ग्रॅच्युइटी, आईच्या बांगड्या आणि चाळीतल्या चाळीसेक घरांनी दिलेले हातउसने, असे बारा लाख उभे राहिले. माझेही पन्नास हजार त्यात आहेत. वकील म्हणून स्पष्ट सांगतो. हातउसने हे कर्जच आहे आणि ते तिने ठरल्या तारखेला फेडलेच पाहिजे. पण सावकाराचा हक्क पैशावर असतो. मुलीच्या सुट्टीच्या दिवसांवर त्याचा हक्क कुठल्याही कायद्याने लागत नाही.

आता त्या टॉवरकडे वळू. परळला दामोदर हॉलजवळ पोयबावडीत बी.आय.टी. चाळ क्रमांक १ आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ या दोन खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजीबाबा गेले आणि त्याच जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार जूनमध्ये झाला होता. तो काळ असा होता की समुद्र ओलांडला म्हणून उच्चवर्णीयांना प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाहीतर जात जाई. बाबासाहेबांना ती भीती नव्हती. समुद्रात बुडाली असती तर बरेच झाले असते अशी ती जात होती!

तिकडे त्यांना काय मिळाले? पदव्यांची यादी आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. एम.ए., पीएच.डी., लंडनची एम.एस्सी., डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेब दुसरेच काही नोंदवतात. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते सांगतात. ही कमाई कोणत्याही प्रमाणपत्रावर छापून येत नाही. सार्वजनिक नळावर पाणी पिताना मागे वळून बघायचे नाही, खाणावळीत बसताना आधी कोपरा शोधायचा नाही, नाव सांगताना आडनाव गिळायचे नाही. ही सवय अंगाला लागायला वर्गाबाहेर पडावे लागते, रस्त्यावर हिंडावे लागते, अनोळखी माणसांत बसून जेवावे लागते.

मग ते बॉनला का गेले हेही बघा. १९२०च्या सप्टेंबरात ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा खिशात शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज आणि सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीची शिल्लक होती. पापड भाजून रात्र काढल्याचे चरित्रकारांनी लिहिले आहे. अशा स्थितीत हा माणूस जर्मनीच्या विद्यापीठाला स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत अर्ज लिहितो. एप्रिल १९२२ मध्ये बॉनला नाव दाखल होते आणि जानेवारी १९२३ मध्ये वर्गात हजेरी नाही म्हणून ते पटावरून काढले जाते. बॉनची पदवी झाली नाही. आमच्या विहाराच्या पायरीवरचे हितचिंतक तेव्हा असते तर त्यांनी विचारलेच असते, की एवढा खर्च करून गेलात, पदवी कुठे आहे?

कोल्हापूरकडे या. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. राज्यारोहण लांबले, ऑगस्टपर्यंत. त्या मुक्कामात, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला. आरक्षणाचा तो पहिला मोठा हुकूम निघाला तेव्हा राजा युरोपच्या प्रवासात होता. आणि अण्णा भाऊ साठे? शाळेत दीड दिवस गेलेला हा माणूस १९६१ साली रशिया पाहून आला आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिता झाला. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. बघायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही.

पण मला दुसरी बाजूही दिसते आणि ती लपवणार नाही. बाबासाहेब लंडनला होते तेव्हा पोयबावडीच्या त्या खोल्यांत माता रमाई होत्या. पैशाची तंगी, आजारपणे, मुलांची काळजी, सगळे तिथे होते. जाणाऱ्याच्या प्रवासाचे भाडे मागे राहणारी बाईमाणसे भरतात. नायगावातली ती आई आजही भरते आहे, आणि वर टोमणे ऐकते. म्हणून त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी मुलीला फोन लावला.

"जयभीम काका."

"जयभीम बाळा. पॅरिसला गेली होतीस म्हणे?"

क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "काका, रात्रीच्या बसने गेले, एका खोलीत आठ पलंग असतात तसल्या हॉस्टेलात राहिले. ते पैसे बेकरीतल्या कामाचे होते. मंडळाच्या पैशाला हात लावला नाही." तिकडे विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येते. पहाटे चारला उठून ही मुलगी पाव भाजते आणि दहाला वर्गात बसते. पैशाचा हिशेब मी मागितला नव्हता. तरी तिने दिला, याचीच मला लाज वाटली.

मग ती इतर गोष्टींवर आली. युरोपातले २९ देश शेंगेन करारात आहेत. जर्मनीचा विद्यार्थी परवाना असला की सहा महिन्यांत ९० दिवस बाकीच्या देशांत व्हिसाशिवाय हिंडता येते. "काका, गाडीत झोपले आणि उठले तर देश बदललेला. कोणी कागद मागितला नाही. मला मात्र सारखे वाटत होते, आता कोणीतरी विचारेल." घरमालकीण म्हातारी आहे. तिने भाड्याची पावती आणि कचरा वेगळा करण्याचे नियम एवढेच विचारले. आडनाव विचारले ते सोबत राहणाऱ्या भारतीय मुलीने. आधी गाव, मग आडनाव, मग, "म्हणजे तुम्ही कोण?" त्यानंतर फ्रिजमधली भांडी वेगळी झाली.

जात विमानात बसते, हे आपल्याला नवे नाही. ब्रिटनमध्ये एका घरात राबवून घेतलेल्या बिहारच्या आदिवासी स्त्रीचे प्रकरण अपील न्यायाधिकरणापर्यंत गेले. जातीवरून केलेला भेदभाव वांशिक मूळ या संज्ञेत येऊ शकतो, असा निर्णय डिसेंबर २०१४ मध्ये झाला. २०१५ मध्ये तिला थकलेल्या मजुरीपोटी सुमारे १ लाख ८४ हजार पौंड मंजूर झाले. तरीही २०१८ मध्ये तिथल्या सरकारने जातीविरुद्ध स्वतंत्र तरतूद करायचे नाकारले. अमेरिकेत सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये बंदी घातली, कॅलिफोर्नियाचे विधेयक त्याच वर्षी राज्यपालांनी अडवले. लढाई तिकडेही आहे. फरक एवढाच, की तिकडे ती भांडी वेगळी करणारी एक मुलगी आहे आणि गल्ली तिच्या बाजूला नाही. आपल्याकडे गल्लीच तिच्या बाजूला असते.

मग माझ्या तोंडून गेलेच, "परत कधी येणार?" पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनी अठरा महिने देते. ती म्हणाली, "काका, खरे सांगू? माहीत नाही."

मला वाईट वाटले, खोटे बोलणार नाही. तिने यावे, इथल्या मुलांना शिकवावे असे मला वाटते. पण १९१७ चा सप्टेंबर आठवला. करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला गेले. त्यांची पुस्तके आणणारी बोट पाणबुडीने बुडवली होती. नुकसानभरपाईच्या सहाशे रुपयांचा काही भाग घरी देऊन ते निघाले. कोलंबियात शिकलेल्या माणसाला राजधानीत राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहात पारशी नाव लावून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. ज्या समाजाने परत आलेल्याचे असे स्वागत केले, त्याच्या वतीने मी 'परत ये' असा करार कोणाकडून लिहून घेणार? यावेसे वाटेल अशी जागा आपण इथे केली तर येतील. मंडळाचे कर्ज फेडले की ती मोकळी आहे.

फोन ठेवण्याआधी मी तिला एक काम सांगितले. इटलीत गेलीस तर फ्लॉरेन्सला जा, आर्नो नदीच्या काठच्या बागेत कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचे स्मारक आहे ते बघ. १८७० च्या नोव्हेंबरात युरोपातून परतताना ते तिथे वारले, वय अवघे वीस. नगरपालिकेच्या परवानगीने नदीकाठीच दहन झाले आणि १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला. शाहू महाराज पुढे त्याच गादीवर बसले. ती हसून म्हणाली, "म्हणजे आता फिरायला तुम्हीच सांगताय."

परवा तिची आई माझ्या ऑफिसात आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. "भाऊजी, माझा पासपोर्ट होईल का? जन्माचा दाखला नाही, गावच्या शाळेचा आहे." होईल, म्हटले. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला चालतो. लोअर परळच्या केंद्रातली तारीख घेतली. व्हिसाची फी ९० युरो, तीस हजार युरोंचा आरोग्य विमा, मुलीचे निमंत्रण, हे सगळे मी एका कागदावर लिहून दिले. वहिनींनी तो दोनदा वाचून घेतला आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"भाऊजी, सुके बोंबील नेऊ देतात का हो तिकडे?"

वहिनी, मासळी वीस किलोपर्यंत चालते. मटणाचे काही नाही, तूप नाही, खवा नाही.

"वीस किलो?" वहिनी म्हणाल्या. "मग जवळाही नेते."