एका तारेतली दुहेरी वाहतूक

गाडीत नवा टचस्क्रीन स्टिरिओ बसतो. पडदा झळझळीत, ब्लूटूथ चटकन जुळतं, बास दणदणीत. मग मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, ‘जरा विविध भारती लाव.’ आणि कालपर्यंत कंपनीच्या साध्या डेकवर खणखणीत लागणाऱ्या केंद्राच्या जागी नुसती खरखर! ‘स्वस्तातला माल,’ म्हणून नव्या स्टिरिओच्या नावानं बोटं मोडली जातात. पण पुष्कळदा गुन्हेगार वेगळाच असतो, आणि तो सापडला की थक्क व्हायला होतं.

सुरुवात छतावरून करू. पुण्याची विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर लागते. म्हणजे लहरीची लांबी साधारण ३ मीटर. ती नीट पकडायला पाव लांबीची, सुमारे ७४ सेंटिमीटरची काडी हवी. उरलेलं काम खालचा पत्र्याचा टप करतो, तो लहरींसाठी आरशासारखा वागतो. जुन्या गाड्यांवरची लांबलचक एरियल उगाच नव्हती. आजची काडी मात्र वीतभर, नाहीतर माशाच्या परासारखा नुसता उंचवटा. कधी बाहेर काहीच दिसत नाही, कारण अँटेना मागच्या काचेवरच्या बारीक रेषांत असते. इतक्या तोकड्या अँटेनाला जेमतेम सिग्नल मिळतो. म्हणून बऱ्याच गाड्यांत तिच्या बुडाशीच एक चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो.

आता त्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज कुठून मिळते? अनेक गाड्यांत त्याच्यासाठी वेगळी तार नसतेच! ज्या केबलमधून सिग्नल खाली स्टिरिओकडे येतो, तिच्यातूनच १२ व्होल्ट वर छताकडे जातात. वर जाणारी वीज १२ व्होल्टची, तर अँटेनाला गवसलेला सिग्नल कधी कधी १२ मायक्रोव्होल्ट इतकाच, म्हणजे तिच्या दहा लाखाव्या हिश्शाएवढा. तरी दोघांची गल्लत होत नाही. वीज स्थिर असते, सिग्नल सेकंदाला दहा कोटी वेळा हेलकावतो. छोटासा कपॅसिटर स्थिर विजेला अडवतो आणि सिग्नलला वाट देतो. तारेचं वेटोळं नेमकं उलटं करतं. काही रुपयांच्या या दोन भागांवर सगळी वाहतूक बिनबोभाट चालते.

कंपनीचा डेक ही वीज आपणहून पाठवत होता. बाजारातले बहुतेक स्टिरिओ अँटेनाच्या सॉकेटमधून ती देत नाहीत. ते देतात एक निळी तार, कधी निळ्यावर पांढरा पट्टा असलेली, जिच्यात स्टिरिओ चालू झाला की १२ व्होल्ट येतात. दुकानात कपलर जुळतात, गाणं वाजतं, डॅशबोर्ड बंद होतो आणि निळी तार आत तशीच लोंबकळत राहते. छतावरचा अ‍ॅम्प्लिफायर मग उपाशी.

इलाज सोपा आहे. निळ्या तारेतली वीज अँटेनाच्या केबलमध्ये सोडणारा, फँटम पॉवरचा अँटेना अ‍ॅडॉप्टर मिळतो. आपल्या गाडीच्या प्लगला जुळणारा घ्यायचा. युरोपीय बनावटीच्या अनेक गाड्यांत फाक्रा प्लग असतो. मात्र अँटेनात अ‍ॅम्प्लिफायर आहे याची आधी खात्री करा. साध्या अँटेनात वीज सोडली तर शॉर्ट होऊ शकतं.

निदान करायची एक युक्ती: रेडिओ चालू ठेवून अँटेनाचा प्लग उपसा. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर अँटेना काम करतच नव्हती.

खरखरीचा दुसरा संशयित म्हणजे स्वस्त मोबाइल चार्जर किंवा डॅशकॅम. त्यांच्यातलं सर्किट १२ व्होल्टचे ५ करताना वीज भराभर तोडत-जोडत असतं आणि स्वतःच रेडिओ लहरी फेकतं. चार्जर काढल्यावर आवाज स्वच्छ झाला, की चोर सापडला. एखादं केंद्र लागतच नसेल, तर सेटिंगमधला देश पाहा. तिथं अमेरिका असेल तर स्टिरिओ १००.९ वरून थेट १०१.१ वर उडी मारतो. मधलं १०१ त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतं.

एवढं करूनही घाटात आवाज फडफडेल. तो निसर्गाचा खेळ आहे. डोंगरावर आपटून आलेली लहर आणि थेट आलेली लहर एकमेकींना कुठे जोर देतात, कुठे मारतात. अशा दोन मेल्या जागांत बऱ्याचदा दीडेक मीटरचं अंतर असतं. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला अशा अकरा जागा ओलांडते. त्यावर कुठलाही अ‍ॅडॉप्टर चालत नाही.

तेव्हा नवा स्टिरिओ बसवताना डॅशबोर्ड बंद होण्याआधी दोन गोष्टी करा: निळी तार कुठे जोडली ते विचारा आणि दुकानातच आपलं आवडतं केंद्र लावून बघा. पैसे त्यानंतर द्या.