पाणीटंचाईच्या मुलखातील पोलादी सांगाडा

कवठे महांकाळ तालुक्यात इमारत बांधावयास निघालेल्या गृहस्थाला विटा, वाळू आणि सिमेंट यांच्याआधी पाण्याची तजवीज करावी लागते, हे या पर्जन्यछायेच्या मुलखात मक्ते घेणाऱ्या कोणासही सांगावयास नको. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी या माळावर चढविले खरे, परंतु त्याची वाट द्राक्षबागा पाहत असतात. आणि काँक्रिट तर कोरड्या, उष्ण हवेत निदान 10 दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानकच सांगते. पिण्याचे पाणीसुद्धा टँकरने आणण्याची पाळी येते तेव्हा स्लॅबवर पाणी मारण्यात कसूर होते, आणि तिचे फळ इमारतीला आयुष्यभर भोगावे लागते.

कोल्ड-फॉर्म्ड स्टीलचा, म्हणजे न तापविता वळविलेल्या पोलादी पत्र्याचा, विचार येथील अभियंत्यांनी व मक्तेदारांनी अगत्याने करावा, तो मुख्यतः याच कारणास्तव. जस्ताचा मुलामा दिलेला, बहुधा एक-दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा रुळांच्या रांगेतून सरकताना त्याला क्रमाक्रमाने घड्या पडतात, आणि नकाशाबरहुकूम कापलेले, स्क्रूची भोकेही पाडलेले चॅनेल बाहेर येते. सपाट असताना लवणारा तोच पत्रा घडीच्या बळावर मजल्याचा भार पेलतो. गोदामांच्या छपराखालचे झेड पर्लिन आपल्या फॅब्रिकेटरांच्या परिचयाचे आहेतच. येथे भिंती, मजले व छप्पर हे सारेच त्या जातीच्या अवयवांचे. सांगाडा स्क्रूने जोडावयाचा, दोन्ही अंगांनी सिमेंटचे फलक बसवून मध्ये उष्णतारोधक लोकर भरावयाची. पाणी लागते ते मुख्यतः पायाला, आणि मुदत पाळणे मक्तेदाराच्या हाती राहते.

हलकेपणा हा दुसरा गुण. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीस दगडमातीच्या जड भिंतींखाली व धाब्यांखाली माणसे गाडली गेली, कारण भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. भूकंपप्रवण अगरतळ्यात केंद्र सरकारने 1 जानेवारी 2021 रोजी ज्या 1,000 घरांची पायाभरणी केली, त्यांसाठी हलक्या पोलादी सांगाड्याचीच पद्धत निवडली होती.

मात्र हाच हलकेपणा वळवाच्या वाऱ्यात घात करू शकतो, म्हणून सांगाडा पायाशी बोल्टांनी जखडलाच पाहिजे. वेल्डिंगने जस्त जळते व तेथूनच गंज धरतो. पातळ पत्रा जागच्या जागी चुरगळतो, त्यामुळे जाड गर्डरांचे हिशेब त्याला लागू पडत नाहीत; त्याचे मानक 801 क्रमांकाचे, 1975 सालचे, निराळे आहे. तेव्हा मक्ता देण्यापूर्वी त्या मानकाप्रमाणे केलेला हिशेब, पत्र्याची जाडी आणि जस्ताचे प्रमाण यांची लेखी खातरजमा करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत बयाणा देऊ नये.