डेंग्यूच्या लशीला इतका उशीर का लागला?

डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूंवर लस करता येते, हे पीतज्वराने फार पूर्वीच दाखवून दिले. मॅक्स थेलर यांनी रॉकफेलर फाउंडेशनच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेत १९३७ साली ‘१७डी’ ही लस विकसित केली. कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतींत पुन्हापुन्हा वाढवून दुबळा केलेला जिवंत विषाणू तिच्यात असतो आणि एकच डोस बहुतेकांना जन्मभर पुरतो. जपानी मेंदूज्वरावरही लशी आहेत. त्यांपैकी ‘जेनव्हॅक’ ही भारतीय लस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने दिलेल्या, कर्नाटकातील कोलारच्या विषाणूपासून तयार झाली. डेंग्यूचा विषाणू याच कुळातला आहे आणि तो १९४०च्या दशकातच वेगळा करण्यात आला होता. तरीही त्यावरच्या पहिल्या लशीला मंजुरी मिळायला २०१५चा डिसेंबर उजाडला.

अडचण अशी, की डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण होऊन गेली की त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. उरलेल्या तिघांपासून मात्र ते काही महिनेच टिकते. पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू शरीरात आला, तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांच्याच आधाराने तो काही पांढऱ्या पेशींत अधिक सहज शिरतो आणि तिथे वाढतो. म्हणूनच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरणे, रक्तस्राव, रक्तदाब कोसळणे हे गंभीर प्रकार दुसऱ्या लागणीत जास्त दिसतात. साहजिकच लशीने चारही प्रकारांविरुद्ध भक्कम प्रतिकारशक्ती द्यावी लागते. ती अर्धवट राहिली तर अपाय होऊ शकतो. हा धोका प्राण्यांवर नीट तपासताही येत नाही, कारण माकडांच्या रक्तात विषाणू वाढला तरी त्यांना माणसासारखा आजार होत नाही.

सानोफी कंपनीच्या ‘डेंगव्हॅक्सिया’ या पहिल्या लशीत १७डी विषाणूचाच सांगाडा वापरून त्यावर डेंग्यूच्या चारही प्रकारांची बाह्य प्रथिने बसवली होती. तिला पहिली मंजुरी मेक्सिकोत मिळाली. फिलिपिन्समध्ये २०१६पासून आठ लाखांहून अधिक मुलांना ती टोचण्यात आली. नोव्हेंबर २०१७मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात या लशीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो. अशा मुलांच्या शरीरात लस जणू पहिल्या लागणीची जागा घेत होती. फिलिपिन्सने मोहीम थांबवली. पूर्वी लागण झाली होती का, हे रक्ततपासणीने पाहूनच ही लस द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये केली.

पुढच्या लशींत सांगाडाही डेंग्यूचाच घेण्यात आला. जपानच्या ताकेदा कंपनीची ‘क्यूडेंगा’ ही लस थायलंडच्या महिडोल विद्यापीठात दुबळ्या केलेल्या दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूवर आधारलेली आहे. तिचे दोन डोस तीन महिन्यांच्या अंतराने घ्यायचे असतात. इंडोनेशियाने २०२२मध्ये तिला मंजुरी दिली. दुसऱ्या प्रकाराविरुद्ध ती सर्वांत प्रभावी ठरते. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांत तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारांविरुद्धचा पुरावा मात्र तोकडा आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने विषाणूच्या जनुकीय साखळीतले छोटे तुकडे वगळून त्याला दुबळे केले. त्यावर आधारित एका डोसची लस साओ पावलोच्या बुटांटान संस्थेने बनवली आणि ब्राझीलने २०२५च्या नोव्हेंबरमध्ये ती मंजूर केली. याच विषाणूंवरून भारतात पॅनेशिया बायोटेकने ‘डेंगीऑल’ विकसित केली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने तिची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४मध्ये रोहतकला सुरू झाली. देशभरातील दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर दोन वर्षे लक्ष ठेवण्याची तिची योजना आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही अशाच लशीवर काम करते आहे.

चाचण्या लांबण्यामागेही विषाणूचे चार प्रकार हेच कारण आहे. डेंग्यूचा प्रबळ प्रकार वर्षागणिक बदलतो, त्यामुळे एका पावसाळ्यातल्या निकालावरून चारही प्रकारांबद्दल बोलता येत नाही. शिवाय डेंगव्हॅक्सियाचा धोका लस टोचल्यावर लगेच नव्हे, तर तिसऱ्या वर्षाच्या सुमारास उघड झाला होता. त्यामुळे नवी लस किती जणांना वाचवते याबरोबरच, पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना ती काही वर्षांनंतरही सुरक्षित राहते का, हेही तपासावे लागते.