“धारा काढायच्यात” म्हणत पाहुणे चार वाजताच का उठतात? थंडीतल्या गोठ्याचं गणित समजून घ्या

डिसेंबरातलं लग्न. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आता कुठं गप्पा रंगायला लागल्यात. तेवढ्यात चार वाजता एक पाहुणे चपला शोधायला लागतात. कितीही आग्रह करा, उत्तर ठरलेलं, “नको, धारा काढायच्यात.”

शहरातल्या माणसाला हा बहाणा वाटतो, पण तो बहाणा नसतो.

पश्चिम महाराष्ट्रात एक-दोन एकर शेती आणि दावणीला दोन संकरित गाई, दोन म्हशी, एखादं वासरू असलेली घरं गावोगाव आहेत. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात. घरखर्च, मुलांची फी, किराणा चालतो तो डेअरीच्या दर दहा दिवसांच्या बिलावर. डेअरी सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळेतच उघडी असते. एकदा टँकर गेला की ते दूध घरातच राहतं.

बरं, उशीर झाला तर दूध थोडं उशिरा काढलं, असंही चालत नाही. कास भरून तटली की आत नवं दूध तयार व्हायचा वेग कमी होतो. असं वारंवार झालं तर दगडी होण्याचा धोकाही असतो.

थंडीत पहाटेची पहिली खटपट असते पाणी कोमट करण्याची. कोमट पाण्यानं कास धुतली की जनावर पान्हा सोडतं. हा पान्हा जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो, तेवढ्यात धार संपवायची. धार झाल्या झाल्या वैरण टाकतात, त्यामागंही कारण आहे. सडांची तोंडं अर्धा तास तरी उघडी असतात. जनावर लगेच ओल्या, गार जमिनीवर बसलं तर जंतू आत जातात. पुढ्यात चारा असला की ते उभं राहतं.

मग किटली घेऊन डेअरी. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली आलं की पॉइंटप्रमाणे पैसे कापले जातात. थंडीत फॅट सहसा थोडी वाढते, पण याच दिवसांत दुधाची आवकही वाढते आणि मग दर उतरतात. म्हणजे किटली जड झाली म्हणून पाकीट जड होईलच असं नाही.

यानंतरची धावपळ वैरणीची. गाळप हंगामात वाढे मुबलक मिळतात. ऊसतोड मजुरांकडून पेंढ्या शेकड्यावर घ्यायच्या आणि मोटरसायकलवर लादून आणायच्या. स्वस्त आहेत म्हणून दोन्ही वेळेला नुसते वाढेच टाकणारेही आहेत, आणि तिथं गणित चुकतं. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. जनावराला कॅल्शियम कमी पडलं की परिणाम दुधावर होतो. म्हणून सोबत दुसरा हिरवा चारा, थोडा कडबा आणि खनिज मिश्रण लागतं.

पाण्याकडं तर फार कमी लोकांचं लक्ष जातं. दूध म्हणजे जवळपास 87 टक्के पाणी. सिमेंटच्या हौदातलं गारठलेलं पाणी जनावर कमी पितं. ताजं उपसलेलं विहिरीचं पाणी त्या मानानं कोमट असतं, पण मोटर चालू करायची तर वीज पाहिजे. शेतीच्या विजेची पाळी या आठवड्यात दिवसा, तर पुढच्या आठवड्यात रात्री. पाहुण्यांच्या डोक्यात लग्नातही हेच चाललेलं असतं.

संध्याकाळी वाऱ्याच्या बाजूला बारदान बांधायचं. चारही बाजू बंद केल्या तर मुताचा उग्र वास आत कोंडतो आणि जनावरं खोकायला लागतात. नवं वासरू असेल तर खाली कोरडं पाचट लागतं. चीकही पहिल्या तासाभरात पोटात जायला हवा. पहिल्या दिवसात वजनाच्या साधारण 10 टक्के चीक वासराचा, खरवसाचं नंतर बघता येतं.

पण खरा पैसा अडकलेला असतो माजात. गाय-म्हैस साधारण 21 दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला तर आणखी 21 दिवस खुराक चालू आणि वेत तेवढं लांबलं. गाय हंबरते, दुसरीवर उडते, त्यामुळं ते कळतं तरी. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो. म्हशी जास्त करून थंडीच्याच दिवसांत माजावर येतात, तेही रात्री किंवा पहाटे. म्हणजे सगळे गोधडीत असताना.

त्यामुळं जेवणं झाली की झोपायच्या आधी मोबाईलची बॅटरी लावून गोठ्यात एक चक्कर होते. म्हैस बसलेली असते तेव्हा मागं काचेसारखा सोट दिसतो का, ते बघायचं. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची आणि रात्री दिसला तर सकाळी, असा साधा हिशेब. रात्री दिसला, तर पहाटे चूल पेटायच्या आधी पहिला फोन डॉक्टरांना.